सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (जन्म: १२ नोव्हेंबर, इ.स. १८९६, मुंबई; मृत्यू: २० जून, इ.स. १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, लेखक आणि निसर्गसंवर्धक होते. भारतातील अनेक संस्थानांच्या प्रदेशांतील पक्ष्यांच्या पद्धतशीर पाहण्या, सुगरण पक्ष्याच्या कुटुंबव्यवस्थेचा अभ्यास, सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेले पक्षिविषयक ग्रंथ आणि पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा मागोवा घेण्याचा प्रकल्प ही त्यांच्या कार्याची प्रमुख अंगे होत. मुंबई येथील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) या संस्थेशी त्यांचा संबंध बालपणापासून मृत्यूपर्यंत टिकून होता. भारत सरकारने त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण या सन्मानांनी गौरविले.

त्यांच्या आधीच्या काळातील भारतीय पक्षिशास्त्र मुख्यतः मारलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवर आधारलेले होते. सलीम अलींनी स्वतःही असे नमुने गोळा केले; परंतु त्यांच्या अभ्यासाचा भर जिवंत पक्ष्यावर आणि पुढे ओळख पटवता येईल अशा एकेका पक्ष्यावर राहिला. पक्षी किती वर्षे जगतात, ते कसे वृद्ध होतात आणि त्यांच्या पेशींतील गुणसूत्रांची टोके, म्हणजेच टेलोमेअर, वयानुसार कशी बदलतात, या आजच्या संशोधनाला अशाच ओळख असलेल्या पक्ष्यांची गरज भासते.

बालपण

सलीम अली यांचा जन्म मुंबईतील खेतवाडी भागात एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील मोइझुद्दीन यांचे निधन ते एक वर्षाचे असताना झाले आणि तिसऱ्या वर्षी आई झीनतुन्निसा यांचेही छत्र हरपले. त्यानंतर मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते आणि बीएनएचएसच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते.

मामांनी दिलेल्या छोट्या हवेच्या बंदुकीने सलीम चिमण्या टिपत असत. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ती नेहमीच्या चिमणीसारखी नव्हती. ती खाण्यास योग्य आहे की नाही अशी शंका आल्याने त्यांनी ती मामांना दाखविली. मामांनाही ती ओळखता आली नाही, म्हणून त्यांनी बीएनएचएसचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन मुलाला संस्थेत पाठविले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले, संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला, वाचण्यासाठी पुस्तके दिली आणि पुढे पक्ष्याचे कातडे काढून जतन करण्याचे शिक्षणही मिळवून दिले.

याच वयातील त्यांची आणखी एक नोंद उल्लेखनीय आहे. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली असे आणि नर बाहेर पहारा देत असे. सलीमने तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळविला. एका आठवड्यात असे आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळी नवा नर हजर झाला. नर बदलतात ही गोष्ट मुलाच्या लक्षात आली, ती प्रत्येक नर मारला गेल्यामुळेच. जिवंत चिमण्यांमधील एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याचे साधन तेव्हा त्याच्याजवळ नव्हते.

शिक्षण आणि ब्रह्मदेशातील वास्तव्य

त्यांचे सुरुवातीचे शिक्षण गिरगावातील एका मिशनरी मुलींच्या शाळेत बहिणींसोबत आणि नंतर सेंट झेवियर्स शाळेत झाले. डोकेदुखीच्या सततच्या त्रासामुळे त्यांना काही काळ हवापालटासाठी सिंध प्रांतात पाठविण्यात आले. १९१३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. महाविद्यालयीन अभ्यासात मन न रमल्याने १९१४ मध्ये ते ब्रह्मदेशातील तवॉय येथे भावाच्या खाण आणि लाकूड व्यवसायात मदतीसाठी गेले. आसपासच्या जंगलांत भटकण्याची आणि पक्षी पाहण्याची संधी त्यांना तेथे मिळाली.

१९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारविषयक शिक्षण घेतले आणि त्याच वेळी सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा विवाह तेहमिना बेगम यांच्याशी झाला. दोघे पुन्हा ब्रह्मदेशात गेले. परंतु व्यवसाय बुडाला आणि काही वर्षांतच ते कायमचे मुंबईस परतले. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील नोकरी त्यांना मिळू शकली नाही. १९२६ मध्ये मुंबईतील प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपये वेतनावर त्यांची नेमणूक झाली.

बर्लिन आणि हेल्गोलँड

१९२८ मध्ये अभ्यासरजा घेऊन सलीम अली जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. स्ट्रेझमान हे त्या काळातील आघाडीचे पक्षिशास्त्रज्ञ होते. पक्ष्यांचे वर्गीकरण करण्याइतकेच त्यांचे शरीरकार्य, वर्तन आणि परिसराशी असलेले नाते समजून घेणे महत्त्वाचे आहे, हा दृष्टिकोन त्यांनी आपल्या शिष्यांत रुजविला होता. पुढे उत्क्रांतिविज्ञानात नावारूपास आलेले एर्न्स्ट मायर यांच्याशीही सलीम अलींचा परिचय येथेच झाला.

याच मुक्कामात त्यांनी उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावरच्या पक्षी वेधशाळेला भेट देऊन पक्ष्यांना कडी घालण्याचे तंत्र शिकून घेतले. या तंत्राची सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली होती. तेथील शिक्षक हान्स ख्रिस्तियन मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये युरोपीय साळुंक्यांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेली अॅल्युमिनियमची कडी घालून त्यांना सोडून दिले होते. कडे घातलेला पक्षी पुन्हा कोठे सापडला, तर तो कोठून आला हे कळते. त्याबरोबरच कडे घातल्याची तारीख नोंदलेली असल्याने तो पक्षी निदान किती वर्षे जगला हेही समजते. पिलू घरट्यात असतानाच कडे घातले असेल, तर त्याचे वय नेमके सांगता येते. पूर्ण वाढलेल्या वन्य पक्ष्याचे वय नुसत्या निरीक्षणाने ठरविणे बहुतेक जातींत अशक्य असते.

किहीम येथील सुगरणीचा अभ्यास

१९३० मध्ये सलीम अली भारतात परतले, तेव्हा निधीअभावी वस्तुसंग्रहालयातील त्यांचे पद रद्द झालेले होते. मुंबईतील घरखर्च परवडत नसल्याने पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम या किनारी गावी, तेहमिना यांच्या नातलगांच्या घरात राहावयास गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याच्या त्या हंगामात सलीम अलींनी लपणात बसून घरट्यांचे रोज तासन् तास निरीक्षण केले.

मराठीत या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी आहे आणि लोकमानसात घरटे विणणारी ती मादीच असते. प्रत्यक्षात विणकाम नर करतो. सलीम अलींनी दाखवून दिले की, नर घरटे अर्धवट विणून थांबतो, माद्या येऊन घरट्यांची पाहणी करतात आणि एखादीला घरटे पसंत पडले तरच तो ते पूर्ण करतो. ती मादी अंडी उबवू लागली की नर शेजारीच दुसरे घरटे बांधावयास घेतो आणि दुसरी मादी मिळवितो. एका हंगामात एकाच नराची अशी अनेक कुटुंबे असतात. त्यापूर्वी या पक्ष्याविषयी प्रचलित असलेली कल्पना या अभ्यासाने बदलली. हा निबंध बीएनएचएसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याने सलीम अलींना पक्षिशास्त्रात स्थान मिळवून दिले. कोणता नर कोणत्या घरट्याचा, हे दिवसेंदिवस न चुकता ओळखत राहणे हा या निष्कर्षाचा पाया होता.

संस्थानांतील पाहण्या

त्यानंतरची सुमारे दोन दशके सलीम अलींनी देशभर फिरून प्रादेशिक पाहण्या केल्या. संस्थानिकांनी प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च उचलावा, आपण वेतन न घेता काम करू, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला होता. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानापासून हे काम सुरू झाले. पुढे त्रावणकोर, कोचीन, म्हैसूर, भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, कच्छ इत्यादी संस्थानांचे पक्षी त्यांनी नोंदविले. सुरुवातीच्या पाहण्यांतील नमुन्यांच्या अभ्यासासाठी त्यांना ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ ह्यू व्हिसलर यांचे सहकार्य लाभले. उपजातींची बारीकसारीक विभागणी करण्यात सलीम अलींना फारसा रस नव्हता. पक्षी काय खातो, कोठे घरटे करतो, कोणत्या ऋतूत येतो-जातो, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे.

या कष्टाच्या प्रवासांत तेहमिना त्यांच्या सोबत असत. छावणीची व्यवस्था आणि हिशेब त्या पाहात. पतीच्या इंग्रजी लेखनावरही त्यांच्या वाचनाचा परिणाम झाला. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. त्यानंतर ते वांद्र्याच्या पाली हिल भागात बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहिले.

ग्रंथलेखन आणि कोकण किनारा

१९४१ मध्ये सलीम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रंगीत चित्रे, सोपी वर्णने आणि परवडणारी किंमत यांमुळे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि पक्षिनिरीक्षणाचा छंद तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर पसरला. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला 'हँडबुक ऑफ द बर्ड्स ऑफ इंडिया अँड पाकिस्तान' हा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला. भारतीय उपखंडातील पक्ष्यांविषयी तोपर्यंत उपलब्ध असलेली माहिती त्यात एकत्र करण्यात आली आहे.

कोकणाच्या दक्षिण टोकाकडील समुद्रपक्ष्यांची माहितीही या ग्रंथात आली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण आणि वेंगुर्ले यांच्या दरम्यान, निवतीच्या किनाऱ्यासमोर समुद्रात वेंगुर्ले खडक या नावाने ओळखली जाणारी खडकाळ बेटे आहेत. हा भाग १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. या बेटांवर सुरय पक्षी वीण करतात आणि तेथील गुहेत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. ही पाकोळी अंधारात टकटक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते आणि आपल्या लाळेने खडकाला घरटे चिकटविते. सलीम अलींचे नातलग आणि सहकारी हुमायून अब्दुलअली यांनी या बेटांना भेटी देऊन सुरय आणि पाकोळ्यांविषयी १९४० च्या दशकात बीएनएचएसच्या नियतकालिकात लेखन केले. त्यापूर्वी या दोघांनी मिळून मुंबई आणि साष्टी बेटाच्या पक्ष्यांची लेखमाला लिहिली होती.

पाकोळीच्या घरट्यांना परदेशी बाजारात खाद्यपदार्थ म्हणून मोठी किंमत मिळते. त्यामुळे या बेटांवरील घरट्यांची चोरी होत असे. चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी या वसाहतीच्या संरक्षणाचे काम हाती घेतले.

माकडताप आणि पक्ष्यांना कडी घालण्याचा प्रकल्प

बीएनएचएसने भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचा पहिला प्रयत्न १९२० च्या दशकात धार संस्थानाच्या सहकार्याने केला होता. परंतु त्याचे स्वरूप मर्यादित राहिले. व्यापक काम सुरू होण्यास एक साथ कारणीभूत ठरली.

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि माणसांनाही तीव्र तापाची लागण झाली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) या रोगाचा विषाणू शोधून काढला. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या या विषाणूचे रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी साम्य आढळले. त्यामुळे सायबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षी आपल्या अंगावरील गोचिडांबरोबर हा विषाणू भारतात आणत असावेत अशी शंका घेण्यात आली. तिचा पडताळा घेण्यासाठी पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात हे कळणे आवश्यक होते. सलीम अलींनी ही संधी ओळखली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ च्या सुमारास बीएनएचएसचा पक्षी स्थलांतर प्रकल्प सुरू झाला.

कच्छ, भरतपूर, पॉइंट कॅलिमेअर इत्यादी ठिकाणी शिबिरे भरविण्यात आली. जपानी पद्धतीची बारीक जाळी वापरात आली आणि पिढ्यान् पिढ्या पक्षी पकडण्याचा व्यवसाय करणाऱ्या बिहारमधील मीरशिकारींचे कौशल्य कामी लावण्यात आले. पकडलेल्या पक्ष्याची जात, लिंग, वजन आणि पंखांचे माप नोंदवून, संस्थेला कळविण्याची सूचना कोरलेले कडे पायात घालून त्याला सोडले जाई. अशा रीतीने लाखाहून अधिक पक्ष्यांना कडी घालण्यात आली. भरतपूरला कडे घातलेली बदके सोव्हिएत संघाच्या दूरवरच्या भागांत सापडल्याचे कळू लागले आणि स्थलांतराच्या मार्गांविषयीच्या अंदाजांना प्रथमच पुराव्याचा आधार मिळाला.

जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य थांबल्यावर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकल्पाला अमेरिकी लष्कराशी संबंधित एका संशोधन योजनेतून निधी मिळू लागला. पक्ष्यांमार्फत जैविक युद्धाची तयारी चालली असल्याचा संशय वृत्तपत्रांत आणि संसदेत व्यक्त झाला. सलीम अलींनी तो निराधार असल्याचे सांगितले. तथापि या वादाचा त्यांना मनस्ताप झाला. पक्ष्यांनीच माकडताप भारतात आणला, याला या कामातून पुरावा मिळाला नाही. रोग मात्र पुढे पश्चिम घाटात उत्तरेकडे सरकला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. काजूच्या बागांत आणि जंगलात काम करणाऱ्या तेथील लोकांना माकडताप हे नाव आता परिचयाचे झाले आहे.

पक्ष्यांचे वय, टेलोमेअर आणि कड्यांचे महत्त्व

सलीम अलींनी टेलोमेअरविषयी संशोधन केले नाही. ज्या वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले, त्याच १९८५ साली कॅरल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी टेलोमरेज या विकराचा शोध जाहीर केला. मात्र या विषयातील पक्ष्यांसंबंधीचे संशोधन ज्या पद्धतीवर उभे आहे, ती पद्धत भारतात मोठ्या प्रमाणावर रुजविण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएचा एक ठरावीक छोटा क्रम हजारो वेळा पुन्हा पुन्हा आलेला असतो. या टोकाला टेलोमेअर म्हणतात. दोरखंडाचे पीळ सुटू नयेत म्हणून होडीवाले त्याचे टोक सुतळीने घट्ट गुंडाळतात. टेलोमेअरचे काम तसेच असते. पेशीचे विभाजन होताना हे टोक प्रत्येक वेळी थोडे आखूड होते. ते फार आखूड झाले की पेशीचे विभाजन थांबते. टेलोमरेज हे विकर आखूड झालेले टोक पुन्हा वाढवू शकते. या शोधांसाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वृद्धत्वाच्या संशोधनात पक्ष्यांचा संबंध जुना आहे. अॅलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील पेशी काचपात्रात वाढविल्या आणि ही पेशींची पैदास १९४६ पर्यंत चालू ठेवण्यात आली. त्यावरून शरीराबाहेर पेशी अमर असतात असा समज दृढ झाला. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी मानवी पेशी ठरावीक वेळाच विभागतात हे दाखविल्यावर तो समज मागे पडला. कॅरेल यांचा प्रयोग इतरांना तसाच करून दाखविता आला नाही. पोषणद्रव्याबरोबर नव्या पेशी नकळत मिसळल्या जात असाव्यात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

पक्षी वृद्धत्वाच्या अभ्यासकांना कोड्यात टाकतात. त्यांचे शरीर सस्तन प्राण्यांपेक्षा उष्ण असते, रक्तातील साखर जास्त असते आणि उडण्यासाठी ऊर्जेचा खर्चही मोठा होतो. अशा शरीराची झीज लवकर व्हावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पक्षी आपल्या आकाराच्या सस्तन प्राण्यांपेक्षा बरेच अधिक जगतात. घरातला उंदीर फार तर दोन-तीन वर्षे जगतो. पाकोळीच्या कुळातील, शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचा आल्पाइन पाकोळी हा पक्षी वीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. ही नोंद करता आली ती त्याच्या पायातल्या कड्यामुळे. प्रशांत महासागरातील मिडवे बेटावर १९५६ मध्ये कडे घातलेली विस्डम नावाची अल्बट्रॉस मादी २०२४ मध्येही अंडे घालताना आढळली.

पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते, सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत ते नसते. त्यामुळे पक्ष्याच्या रक्ताच्या एका थेंबातून टेलोमेअरची लांबी मोजता येते आणि पक्ष्याला इजा न करता दर वर्षी हे मोजमाप पुन्हा करता येते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पक्ष्यांच्या पाच जातींची तुलना करण्यात आली. अल्पायुषी जातींत टेलोमेअर वयानुसार झपाट्याने आखूड होतात, दीर्घायुषी सुरय आणि पेंग्विन यांच्यात ही गती मंद असते, तर लीच वादळपाखरू या समुद्रपक्ष्यात वयस्क पक्ष्यांचे टेलोमेअर उलट लांब आढळले. २००९ मध्ये आल्पाइन पाकोळ्यांच्या अभ्यासातून असे दिसले की, पक्षी पुढे जगेल की नाही याचा अंदाज त्याच्या वयापेक्षा टेलोमेअरच्या घटण्याच्या वेगावरून अधिक चांगला बांधता येतो. २०१२ मध्ये ९९ झेब्रा फिंच पक्ष्यांचे आयुष्यभर मोजमाप केल्यावर, पिलू २५ दिवसांचे असतानाची टेलोमेअरची लांबी आणि त्याचे आयुर्मान यांचा सर्वांत निकटचा संबंध आढळला.

आखूड टेलोमेअर हे वृद्धत्वाचे कारण आहे की शरीराने सोसलेल्या ताणाची ती खूण आहे, हा प्रश्न अजून वादाचा आहे. सर्व जातींत सारखेच निष्कर्ष निघालेले नाहीत. परंतु वन्य पक्ष्यांवरील अशा अभ्यासांना वय ठाऊक असलेले पक्षी लागतात. सुरयासारखा पक्षी पुन्हा वसाहतीत परतेपर्यंत काही वर्षे जातात आणि त्याचे पूर्ण आयुष्य पाहावयाचे तर दोन-तीन दशके तीच वसाहत सुरक्षित राहावी लागते. खाऱ्या पाण्याने अॅल्युमिनियमचे कडे झिजून त्यावरील क्रमांक पुसला जातो, म्हणून समुद्रपक्ष्यांसाठी अधिक कठीण मिश्रधातूची कडी वापरली जातात. घरटी पळविली गेली किंवा बेटावरील वीण विस्कळीत झाली, तर पक्ष्यांबरोबर अनेक वर्षांनी मिळू शकणारे हे ज्ञानही नष्ट होते. वेंगुर्ले खडकांसारख्या वसाहतींच्या संरक्षणाला या दृष्टीनेही महत्त्व आहे.

संवर्धनकार्य आणि अखेरची वर्षे

स्वातंत्र्योत्तर काळात बीएनएचएस टिकवून ठेवण्यात आणि तिला विद्यापीठीय संशोधनाचे केंद्र बनविण्यात सलीम अलींचा मोठा वाटा होता. मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर पदवीसाठी त्यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी प्रत्यक्ष रानात राहून पक्ष्यांवर संशोधन करू लागले. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्य टिकावे आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये, यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले.

१९६७ मध्ये ब्रिटिश पक्षिशास्त्र संघटनेचे सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले ब्रिटिशेतर पक्षिशास्त्रज्ञ ठरले. १९७६ मध्ये मिळालेल्या जे. पॉल गेटी पारितोषिकाची ५०,००० डॉलरची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या आत्मचरित्राचे नाव बालपणीच्या त्या रानचिमणीची आठवण करून देते. मोटारसायकलचा शौक त्यांनी दीर्घकाळ जपला. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेसाठी ते आपली मोटारसायकल जहाजातून युरोपात घेऊन गेले होते. ऐंशी वर्षे उलटल्यानंतरही त्यांचे प्रवास चालू होते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाशी दीर्घकाळ झुंज दिल्यावर २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वारसा

कोइंबतूर येथील सलीम अली पक्षिविज्ञान व निसर्गविज्ञान केंद्र (स्थापना १९९०), गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्य आणि छत्रपती संभाजीनगर येथील सलीम अली सरोवर यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. दक्षिण भारतात १९४८ मध्ये मिळालेला एक वटवाघळाचा नमुना बीएनएचएसच्या संग्रहात चुकीच्या नावाखाली पडून होता. १९७२ मध्ये ती नवी प्रजाती असल्याचे सिद्ध झाल्यावर तिच्या शास्त्रीय नावात सलीम अलींचे नाव गुंफण्यात आले. महाराष्ट्रात २०२० पासून अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर ते सलीम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून साजरा केला जातो. बीएनएचएसतर्फे पक्ष्यांना कडी घालण्याचे काम त्यांच्या पश्चातही चालू राहिले.